हात बसला

सातवी लेथ परत आली त्या दिवशी दस्तगीरचाचांनी समोरचा चहा तसाच निवू दिला. शाळेच्या कार्यशाळेच्या दारात टेम्पो उभा होता, चार माणसं लेथ उतरवत होती, आणि नांदायला पाठवलेली लेक भांडून माघारी यावी तसे चाचा तिच्याकडे बघत होते.

तक्रार सातही वेळा एकच. लेथवर हातभर लांबीचा दांडा कातला की तो एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. फरक म्हणाल तर नऊ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाचे उभे आठ भाग केले तर त्यातला एक. डोळ्यांना तो दिसायचा नाही. पण असा दांडा पंपाला बसवला तर पंप वर्षभरात कुरकुरायला लागतो, आणि पंप विकणारा त्याच्याही आधी.

"कास्टिंग मुरलेलं नसणार," पाठक म्हणाला. हा अद्वैत पाठक पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर. वय अठ्ठावीस, मनाने सरळ, आणि त्याच्या कपड्यांना तेलाचा डाग लागलेला अजून कुणी पाहिला नव्हता. "ओतलेलं लोखंड महिनोन् महिने नुसतं पडू दिलं नाही तर ते नंतर वाकतं. तुम्हीच मला सांगितलंय, चाचा."

"सांगितलंय. पण ह्ये मुरलेलं हाय. मी सोता निवडलंय."

"मग चूक कुठे आहे?"

ते चाचांना ठाऊक असतं तर चहा निवला नसता. आणि शोधायला वेळही फारसा नव्हता. पुढच्या गुरुवारी मुंबईहून सरकारी समिती येणार होती. तिने होकार दिला की दस्तगीर शिकलगार यांचा हात राज्यातल्या एकशे चाळीस शाळांत, तीन हजार मुलांना दिला जाणार होता.

हात दिला जाणार म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं.

लेथ उभी असते एका जाड लोखंडी बैठकीवर. कारखान्यात तिला बेड म्हणतात. बेडच्या ज्या टोकाला दांडा पकडून फिरवतात ते लेथचं डोकं. बेड काटेकोर सपाट असेल तरच लेथ सरळ काम करते. आता २०४१ साल उजाडलं, सगळं यंत्रं करतात, मग बेड का करत नाहीत, असं कुणीही विचारेल. करतात की. पण ज्या यंत्राने बेड घासायचा त्याचाही एक बेड असतो, आणि त्याच्यात जेवढं वाकडेपण तेवढं पुढच्यात उतरतं. म्हणून शेवटचे चार-पाच मायक्रॉन अजूनही माणसाचा हात काढतो. सरफेस प्लेट नावाची एक अत्यंत सपाट लादी असते. तिच्यावर निळ्या रंगाचा पातळ थर लावायचा आणि बेड तिच्यावर घासायचा. बेडवर जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तो स्क्रेपरने, म्हणजे लांब दांड्याच्या धारदार पट्टीने, खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवड, असं शेकडो वेळा. सगळीकडे सारखे ठिपके आले की शेवटी बेडभर चंद्रकोरीसारखे बारीक खड्डे काढायचे. त्यांत तेल थांबतं. त्यांना सगळे चंद्र म्हणतात. चंद्र काढून झाले की पुन्हा निळं लावून बघायची किंवा मोजायची पद्धत नाही. काम संपलं.

हे यायला माणसाला आठ-दहा वर्षं लागत. ज्याला आलं त्याचा 'हात बसला' असं म्हणत, आणि हात बसलेली माणसं सांगली जिल्ह्यात पाच उरली होती, त्यांतले एक चाचा.

मग पाठकच्या कंपनीने बनवलेली बाही आली. सरकारी कागदावर तिचं नाव इतकं लांबलचक होतं की वाचता वाचता तास संपावा. पोरं तिला बाही म्हणू लागली आणि तेच टिकलं. मेंदूचा इशारा स्नायूपर्यंत पोहोचतो तो विजेच्या रूपात, आणि त्याची पुसट चाहूल कातडीवर लागते. बाहीच्या अस्तरात चारशे बारीक टिकल्या होत्या, त्या ही चाहूल टिपत. चाचांनी उजव्या हातात बाही चढवून आठ महिने बेड खरवडले. मनगट कधी वळलं, खांदा कधी खाली आला, सगळं नोंदलं गेलं. या नोंदीचं नावच हात. पुढे तीच बाही मुलांना घातली, की उलटा प्रवास सुरू. पोरगं खरवडायला जातं त्याच क्षणी बाही त्याच्या स्नायूंना इवलासा झटका देते आणि चाचांच्या वाटेवर नेते. डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, त्याचं काम हालचालींतली चूक हेरणं. बाही चूक होऊच देत नाही, म्हणून लहान मेंदू तीच वाट पक्की करून टाकतो. साठ तासांत हात बसतो. फक्त वय चौदा ते सतरा हवं. त्यानंतर वाटा घट्ट होतात, नवं काही सहज शिरत नाही.

कुपवाडच्या या शाळेत नववीपासून आठवड्यातले तीन दिवस वर्ग आणि तीन दिवस काम असे. कार्यशाळेच्या तुकडीत सत्तावीस मुलं. प्रत्येकाने एक बेड खरवडायचा, त्यावर लेथ उभी करायची, ती परिसरातल्या कारखान्यांत जायची. कामाच्या प्रमाणपत्रावर एक रकाना होता: हात बसला, होय किंवा नाही. होय असेल त्याला पाठकच्या कंपनीत शिकाऊ जागा आणि पुढचं शिक्षण. सव्वीस मुलांचं होय लिहून झालं होतं.

सत्ताविसावी शर्वी मगदूम. पाठक निघून गेला तरी ती दाराशी घुटमळत होती.

शर्वी डावखुरी. बाही उजव्या हाताची. पाठकने नोंद उलटवून डाव्या हाताला लावून पाहिली, तर पोरीच्या दंडाला मुंग्या आल्या आणि स्क्रेपर पाठकच्याच बुटावर पडला. तेव्हा कार्यशिक्षणाच्या कुंभोजकर मॅडम म्हणाल्या, "चाचा, हिला आपलं जुन्या पद्धतीने शिकवा." बाकीच्यांनी दिवाळीला बेड पुरे केले. हिचा मार्चमध्ये झाला. एका बेडला चाळीस तासांची अट असताना हिला एकशे दहा लागले, आणि तिचे चंद्र असे वाकडे होते की कुणी त्यांना चपातीचे तुकडे म्हणावं. तिचा रकाना अजून कोरा होता, आणि अटीप्रमाणे तिथे 'नाही' पडणार हे उघड होतं.

"चाचा, माझी लेथ नाही आली ओ परत."

"येईल. घाई का करतीस?"

"तसं नाही ओ. सगळ्यात वाकडे चंद्र माझे. मग माझीच कशी काय चालतीय?"

चाचांनी मान वर केली.

"एक बोलू? रागवू नका."

"रागवायचं का न्हाई ते ऐकल्यावर बघू."

"तुम्ही चंद्र काढताना लेथच्या डोक्याकडं आलं की दाबता. शेवटची वीतभर. तुमचा खांदा असा खाली येतो." तिने खांदा पाडून दाखवला. "सगळ्यांचाच येतो. सव्वीस जण रांगेत काढायला लागले की एकदम येतो, कवायतीसारखा. मला हसू यायचं."

"मी कुठं दाबतो?"

"पहिल्या महिन्यात विचारलं होतं मी, तिथं का दाबायचं म्हणून. तुम्ही म्हणालात, चंद्र काढताना बडबड करायची न्हाई."

"मग तू का न्हाई दाबलंस?"

"कारण कळलं नाही म्हणून," ती म्हणाली.

चाचांना तिचा राग आला. पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या हाताकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मोठमोठे कारखानदार गाडी पाठवून त्यांना नेत, आणि ही परवाची पोरगी खांदा पाडून दाखवत होती. "जा घरी," एवढंच ते म्हणाले.

पण रविवारी सकाळी ते कार्यशाळेत एकटेच आले. पूर्ण सपाट केलेला एक बेड घेतला, मोजला, आणि त्यावर चंद्र काढले. मग घड्याळासारखी तबकडी असलेलं मोजमापाचं डायल त्यावरून सरकवलं. डोक्याकडच्या टोकाला काटा नऊ मायक्रॉन खाली गेला.

असेल, लक्ष नसेल, असं म्हणून दुसरा बेड घेतला. या वेळी ते स्वतःला बजावत राहिले, दाबायचं नाही. शेवटची वीत आली, सगळं लक्ष खांद्यावर ठेवलं, आणि काम संपल्यावर पुन्हा मोजलं. सात. हात त्यांचाच होता, पण ऐकत होता दुसऱ्या कुणाचं तरी.

कुणाचं, ते त्यांना तिथेच उभ्या उभ्या आठवलं. केरबा मिस्त्री. जुन्या कारखान्यात चाचा सोळाव्या वर्षी लागले तेव्हा केरबा साठीचा होता. दोन वर्षं चाचा नुसते त्याच्या शेजारी उभे राहिले. केरबा बोलत नसे. विचारलं तर टपली मिळे. बघायचं आणि तसं करायचं, हीच शाळा. आणि शेवटच्या वीतभर अंतरात केरबाचा खांदा खाली यायचा. चाचांना तो आता, केरबा जाऊन वीस वर्षं झाल्यावर, डोळ्यांसमोर लख्ख दिसला.

पण केरबाच्या लेथी तर नावाजलेल्या. एकही कधी परत आली नाही. मग?

कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. सामान मिरज रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याने उचललं होतं. चाचा स्कूटर काढून तिकडे गेले. केरबाची सरफेस प्लेट तिथे अजून होती. भंगारवाल्याने ती विकली नव्हती, कारण ती हलवायची म्हणजे क्रेन लागणार. तिच्यावर सतरंजी टाकून तो दिवसभर बसायचा.

"जरा उठता का?" चाचा म्हणाले.

"का? घेतासा काय प्लेट?"

"न्हाई. बघायची हाय."

भंगारवाला उठला. चाचांनी सतरंजी बाजूला केली, गंज पुसला आणि पिशवीतली पोलादी सरळपट्टी प्लेटवर उभी धरली. मग गुडघ्यांवर बसून पट्टीच्या पलीकडून येणाऱ्या उन्हाकडे पाहिलं. तीन हिश्श्यांत अंधार होता. एका टोकाला पट्टीखालून उजेड येत होता.

प्लेट त्या टोकाला झिजली होती. वर्षानुवर्षं माणसं त्याच बाजूने बेड ठेवत आली असणार. खोलगट प्लेटवर जुळवलेला बेड त्या टोकाला उंच निघायचा. केरबाने ते ओळखलं, मालक नवी प्लेट देईना म्हणून शेवटच्या चंद्रांत दाब देऊन तेवढा उंचवटा उतरवला, आणि कुणाला काही सांगितलं नाही. आपल्या प्लेटवर केरबा शंभर टक्के बरोबर होता. शाळेत आली होती कोरी करकरीत प्लेट.

चाचा तिथेच, सतरंजी हातात धरून, बराच वेळ बसून राहिले. कारखाना सुटल्यापासूनच्या पंधरा वर्षांत आपण किती कारखान्यांत, किती चांगल्या प्लेटांवर चंद्र काढले, आणि त्यातल्या किती तक्रारी कास्टिंगच्या नावावर खपल्या असतील, हे ते मनात मोजत होते. मोजता मोजता त्यांनी मोजणं सोडून दिलं.

सोमवारी त्यांनी पाठकला सगळं सांगितलं. पाठकने नोंद उघडली आणि पाच मिनिटांत पडद्यावर ती जागा सापडली. खांद्याच्या रेषेवर शेवटी एक लहानसा उंचवटा. आठ महिने बघूनही तो त्याला कधी खुपला नव्हता, कारण प्रत्येक वेळी होता.

"हे मी काढून टाकतो," पाठक म्हणाला. त्याला एकदम हायसं वाटलं होतं. "रेषा सपाट केली की झालं. तीन हजार मुलांना शुद्ध हात जाईल. गुरुवारी याची चर्चाच नको, चाचा. समितीला वाटेल सगळंच चुकीचं आहे."

"आणि ह्ये सव्वीस?"

"बाहीने घालता येतं. काढता येत नाही. त्यांच्या लेथी आपण इथे दुरुस्त करून देऊ."

"लेथी न्हाई, हात इचारतोय मी. कंपनीत लागतील, तिथं जन्मभर दाबतील. त्यास्नी सांगायचं न्हाई?"

"सांगितलं तर त्यांची प्रमाणपत्रं अडकतील. त्यांच्या जागा जातील. तुम्हाला हवंय का ते?"

चाचांना ते नको होतं. हीच तर अडचण होती. ही पोरं त्यांना चाचा म्हणत, ईदला घरी येऊन शीरखुर्मा ओरपत. गप्प राहिलं की सगळ्यांचंच भलं, आणि आपलंही नाव राहतं. त्यांनी आणखी एकच विचारलं. "पाठकसाहेब, ह्यो एक सापडला. माझ्या हातात असले अजून किती असतील?"

पाठकने पडद्याकडे पाहिलं. तिथे शेकडो रेषा होत्या, कुठे उंचवटा, कुठे खळगा. त्यातलं कौशल्य कुठलं आणि खोड कुठली, हे सांगणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतं.

घरी चाचांची बायको हमीदा गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. त्या घरातली बोली वेगळी, पण आपण मराठीतच ऐकू. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला झोप लागेल ते करा."

"पोरांचं नुकसान होतंय गं."

"मग नुकसान करून घरी येऊन बसू नका. भरून द्या."

"आणि लोक काय म्हणतील? पंचेचाळीस वर्षं ह्या हाताचं नाव आहे."

"नाव तुमचं होतं की केरबा मिस्त्रीचं, ते आधी ठरवा," हमीदा म्हणाली आणि शेंगांची परात घेऊन आत गेली. हिला सगळं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं चाचांना वाटलं. तेव्हाच हेही कळलं की आता गुरुवार टळणार नाही.

गुरुवारी कार्यशाळा धुऊन पुसून लख्ख केली होती. समितीत तिघं जण होते. अध्यक्ष घारपुरे बाई, बारीक अंगाच्या, चष्मा नाकावर खाली ओढून बघणाऱ्या. सव्वीस मुलं आपापल्या टेबलाशी गणवेशात उभी. शर्वीला मॅडमनी मागच्या खिडकीपाशी उभं केलं होतं. पाठकने प्रास्ताविक केलं आणि म्हणाला, "आता ज्यांचा हात आपण राज्याला देणार आहोत, ते स्वतः काम करून दाखवतील."

चाचा बेडपाशी आले. स्क्रेपर उचलला आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "शर्वी, इकडं ये. माझ्या शेजारी उभी राहा. मी दाबलं की मोठ्यानं सांगायचं."

पाठकने डोळे मिटले. मॅडमना काहीच कळेना. शर्वी पुढे आली, तिचा चेहरा उतरला होता.

चाचा चंद्र काढू लागले. त्यांचं काम बघणं हे सुखच होतं. एकेक चंद्र एकसारखा, एका लयीत. शेवटची वीत आली. खांदा खाली गेला.

शर्वीने मॅडमकडे पाहिलं. एवढ्या साहेबलोकांसमोर चाचांना कसं बोलायचं?

"बोल की," चाचा काम न थांबवता म्हणाले.

"दाबलं," ती हळूच म्हणाली.

चाचांनी दुसरी ओळ सुरू केली. कपाळावर घाम आला होता. ते दाबू नये म्हणून झटत होते, हे समितीलाही दिसत होतं. शेवटची वीत आली.

"दाबलं."

तिसरी ओळ. "दाबलं, चाचा." या वेळी तिचा आवाज खोलीभर गेला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चाचांनी स्क्रेपर खाली ठेवला. लेथी परत का आल्या, केरबाची प्लेट कशी झिजली होती, हे सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. "मला ठाऊक असून थांबवता येईना झालंय," ते म्हणाले. "मग ह्या पोरांनी काय करावं? बाई, ह्ये ठाऊक नसताना मी ह्यांच्या हातात घातलं. पोरांनो, चूक माझी हाय. मी तुमची माफी मागतो."

मग पहिल्या टेबलावरचा प्रथमेश, तुकडीतला सगळ्यात सफाईदार, ओरडलाच. "माफी काय घेऊन करू? माझी जागा पक्की झालीय चाचा! आईनं गावभर सांगितलंय!"

त्याच्यावर कुणी रागावलं नाही. तो बरोबरच बोलत होता.

घारपुरे बाईंनी पाठकला विचारलं, "मूळ नोंद दुरुस्त होईल?"

"होईल."

"मग अडचण काय आहे, शिकलगार?"

"ही खोड सापडली, कारण एका पोरीला बाही चालली न्हाई आन् ती इचारत बसली," चाचा म्हणाले. "केरबाकडं कुठं बाही होती? तरी त्यानं माझ्या हातात घातलंच की. मी इचारलं न्हाई, एवढंच. तुमची बाही तेच करती, फक्त साठ तासांत. हात बसतो, पण का बसला ते त्या हाताला ठाऊक नसतं. आदी एक बेड पोराला सोताच्या हातानं करू द्या. वाकडा होऊ द्या, वर्ष लागू द्या. मग घाला बाही."

"आणि या सव्वीस मुलांचं?"

"मी हाय की. एकेकाच्या शेजारी बसणार."

"किती दिवस?"

चाचांनी खरं ते सांगितलं. "ठाऊक न्हाई."

समितीने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. वर्षभर थांबायचं ठरवलं. सव्वीस प्रमाणपत्रं फेरतपासणीपर्यंत राखून ठेवली. कंपनीने जागा डिसेंबरपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं, पाठकने त्यासाठी पुण्यात बरीच भांडणं केली म्हणतात. शर्वीचा बेड पुन्हा मोजला, तो सगळीकडे दोन मायक्रॉनच्या आत भरला, आणि घारपुरे बाईंनी तासांची अट स्वतःच्या पेनाने खोडून तिच्या रकान्यात होय लिहिलं. त्याचा आनंद शर्वीला फारसा झाला नाही, कारण वर्गात तिच्याशी महिनाभर कुणी बोललं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत कार्यशाळा उघडी राहिली. सुरुवातीला सात जणच आले. चाचा रोज एकेकाच्या शेजारी स्टूल घेऊन बसत आणि खांदा खाली गेला की "दाबलं" म्हणत. दिवसातून दोनशे वेळा. पोरं वैतागत. दोघी-तिघी रडल्या. काहींनी मुद्दाम हात इतका हलका सोडला की चंद्रच उमटेनात. एक दिवस चाचांचा घसा बसला, तेव्हा शर्वीने एक रिकामा डबा आणून दिला आणि म्हणाली, "वाजवा." त्यावर मात्र सगळे हसले, तिच्याशी न बोलणारेही.

चाचांचा स्वतःचा हात काही सुधारला नाही. सुधारणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते आता चंद्र काढत नसत. त्याचं दुःख त्यांना रोज होई, आणि ते कुणापासून लपवत नसत. पण पोरं काहीतरी विचारत, हेच टोक का, निळं पातळच का, स्क्रेपर असाच का धरायचा, आणि निम्म्या वेळा चाचांना उत्तर येत नसे. मग दोघं मिळून करून बघत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळत होतं की आपल्याला काय काय येतं.

प्रथमेश आला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. कुणाकडे न बघता आपल्या टेबलाशी गेला आणि बेड सपाट करायला घेतला. चार दिवस एक शब्द बोलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी त्याने चंद्र काढायला घेतले. चाचा स्टूल घेऊन शेजारी बसले, पण डबा त्यांनी खाली ठेवला.

पहिली ओळ. शेवटची वीत आली आणि प्रथमेशचा खांदा खाली गेला. चाचा काही बोलले नाहीत. दुसरी ओळ. पुन्हा खांदा खाली. तिसऱ्या ओळीत शेवटची वीत सुरू झाली आणि प्रथमेश मध्येच थांबला. स्क्रेपर लोखंडावर तसाच टेकलेला. त्याने स्वतःच्या उजव्या खांद्याकडे, एखाद्या परक्याकडे बघावं तसं बघितलं.

"आत्ता दाबलं ना मी?"

या पोराला उचलून घ्यावं असं चाचांना वाटलं. होय म्हणायला त्यांचे ओठही उघडले होते. पण त्यांनी टेबलावरची निळ्याची डबी उचलली आणि त्याच्या पुढ्यात सरकवली.

"मला काय इचारतोस?" ते म्हणाले. "निळं लाव आन् बघ."